ड्रमच्या झाकणावरचं बिडाचं वजन

आधीच लिहून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात देव्हारा नाही. कोणाला ताप आला तर दवाखाना, उतारा नाही. पौर्णिमेला विहारात जातो. तिथे पुढे उभं राहून बोलणाऱ्या बाया सांगतात की अंगात येणं, बाहेरचं लागणं हे सगळं आपण मागे टाकून आलो. मी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसते आणि मान हलवते. मला ते पटतं... आजही पटतं. म्हणूनच हे मी तिथे कोणाला सांगू शकले नाही.

माझी मुलगी सोनल मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचते. मी भांडी घासत असले की मोठ्याने वाचून दाखवते. एकदा म्हणाली, "आई, तू पण लिही, मी पाठवते." मी चौथी शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी घसा कोरडा पडतो. म्हणून लिहिते, पण पाठवणार नाही.

आमचं घर जळगावात, मेहरूणमध्ये. एकामागे एक तीन भाग — पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे मोरी आणि थोडी मोकळी जागा. पुढच्या खोलीत माझ्या सासूची खाट. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तिला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. 'आं' एवढाच आवाज राहिला. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणूस जवळ गेलं की ओळखते. खाटेवरून तिला मागचं काहीही दिसत नाही, मधे भिंत आहे. हे लक्षात ठेवावं लागेल.

नळ रोज येत नाही, म्हणून मागे पाण्याचे दोन ड्रम आहेत. वैशाखात आमच्याकडे दुपारचा वारा सुटतो, तो झाकण उडवून नेतो. झाकणावर ठेवायला काहीतरी जड पाहिजे होतं. आठवडी बाजारात एक जण जुनं लोखंड घेऊन बसतो. त्याच्याकडे मला ते दिसलं. पेरूसारखा आकार, वर जाड कडी, आणि पोटाभोवती गोल भोकं. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"भाऊ, हे काय आहे?"

"ताई, काय आहे ते विचारू नका. उचलून बघा."

उचलायला दोन्ही हात लागले.

"रेल्वेचं आहे," तो म्हणाला. आमच्याकडे ज्या लोखंडाचं नाव माहीत नसतं ते रेल्वेचंच असतं, भुसावळ जवळ आहे ना. मग म्हणाला, "फरशीवर पाडू नका बरं का. बीड आहे, तुमच्या तव्यासारखं. वाकणार नाही, फुटेल."

घरी आणलं. आमचे हे एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहेत. कामावरून आल्यावर त्यांनी बघितलं. म्हणाले, "जुन्या तराजूचं वजन दिसतं. अन् दगडच पाहिजे होता तर तलावाच्या काठी फुकट होते." सोनलने फोटो काढून मोबाईलला विचारलं. मोबाईल म्हणाला, घंटा. खूप हसलो आम्ही. झाकण मात्र उडायचं थांबलं.

त्याच संध्याकाळी अक्काने जेवायला नकार दिला.

रोज मी ताटली घेऊन तिच्या खाटेवर बसते आणि भरवते. त्या दिवशी मुगाची खिचडी होती. तिने डाव्या हाताने ताटलीची कड धरली आणि ताटली लांब ढकलली. मला वाटलं, भूक नसेल, ऊन फार आहे. सकाळी पुन्हा तसंच. दुपारी तसंच. तोंड घट्ट मिटलेलं, आणि ताटली ढकलायची. माझ्याकडे नाही, आडव्या दिशेने — स्वयंपाकघराकडे.

सोनलच्या लक्षात आलं. "आई, आजी ताटली मागच्या दाराकडे ढकलते."

"उगाच काही बोलू नको."

"बघ तर." तिने आणि मी मिळून खाट फिरवली, अक्काचं डोकं होतं तिथे पाय केले. मी ताटली समोर धरली. अक्काने हात फिरवला आणि ताटली पुन्हा मागच्या दाराकडेच ढकलली.

सोनलने ताटली उचलली आणि मागे नेऊन ड्रमजवळ ठेवली. कशाला, तिलाच माहीत. अक्का शांत झाली. मग मी ताटली परत आणली, म्हटलं आता जेवेल. अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, फक्त पाणी.

असं रोज चाललं. ती ढकलायची, मी परत आणायची. पाणी चमच्याने घेत होती, दुधाचे चार घोट घ्यायची. अन्न नाही. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, घशाला काही नाही, गिळता येतंय, पण खात नसतील तर नाकातून नळी घालावी लागेल. अक्का बावीस-तेवीस वर्षांत मला एक वाकडा शब्द बोलली नव्हती. माझ्या बाळंतपणात माझ्या पायांना तेल लावलेली सासू. तिच्या नाकात नळी... आणि तीही मी रोज शिजवून समोर नेत असताना.

दुसरी गोष्ट त्या बिडाच्या वजनाची. ते ओलं राहायला लागलं. आधी म्हटलं, ड्रमचंच पाणी असेल. म्हणून उचलून मागच्या दाराजवळच्या दगडावर ठेवलं, भर उन्हात. त्या दिवसांत डांबरावर चपला चिकटत होत्या. धुतलेलं पोतेरं वाळत टाकून मागे फिरेपर्यंत वाळायचं. पण त्या वजनाखाली पाण्याचं ओलं वर्तुळ. पुसलं, थोड्या वेळाने पुन्हा. आणि त्याला वास यायचा, साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा. नळाच्या पाण्याला तसा वास नसतो.

शेजारच्या शोभाबाईंनी ते बघितलं. "अगं ही कुठल्या तरी गावची देवी आहे. उपटून आणलेली. म्हातारी नैवेद्य दाखवते तिला, तुला कळत नाही का? शेंदूर लाव, नारळ फोड, उद्या जेवते की नाही बघ."

"आमच्यात नाही चालत, शोभाबाई."

"म्हातारीच्या पोटात अन्न नाही, अन् ही तत्त्वं सांभाळते!"

त्या गेल्यावर मी बराच वेळ हळदीच्या डब्याकडे बघत उभी होते. खोटं कशाला लिहू. हात डब्यापर्यंत गेला होता. लावली नाही, पण तेवढं बळ माझ्यात कुठून आलं तेही सांगता येणार नाही.

ह्यांनी ठरवलं, ते वजन बाजारात परत देऊन यायचं. पोत्यात घालून पुढच्या खोलीतून निघाले. अक्काने असा आवाज केला की गल्लीतली माणसं दाराशी आली. "ठेवतो, अक्का, ठेवतो," म्हणत ह्यांनी ते होतं तिथे ठेवलं. त्यानंतर मीच बाजारात गेले आणि त्या माणसाला विचारलं, हे आलं कुठून. तो म्हणाला, "धुळ्याकडून गाडी आली होती ताई. तिकडे जुनी घरं पाडतात, त्यातला माल. कोणतं गाव ते मला कसं माहीत?"

अक्काचं माहेर धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याजवळ. पण तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. धुळ्याकडून तर कांदेही येतात.

मग नाना आले. नाना म्हणजे अक्काचे मोठे भाऊ, ऐंशीच्या घरातले. बहीण जेवत नाही हे फोनवर कळलं तसे दोंडाईच्याहून गाडीत बसून एकटेच आले. दुपारची वेळ होती. हे कामावर, सोनल कॉलेजात. दारातूनच "जयभीम पोरी" म्हणाले, अक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाय धुवायला मागे गेले. मी तांब्या घेऊन मागोमाग गेले, तर ते त्या दगडासमोर उभे. पाय धुतले नव्हते.

"हाई आठे कोणी आनं?"

"मी आणलं, नाना. बाजारातून. काय आहे ते?"

"गळनं पोट शे." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "हिरमा भांडं पडनं का काढाना गळ."

त्यांनी एकेका भोकात बोट घालून दाखवलं. प्रत्येक भोकात लोखंडी आकडा लोंबायचा. वरच्या कडीला दोर बांधून विहिरीत सोडायचा. हे मधलं पोट जड, म्हणून गळ तळाशी जायचा, आणि आकड्यांत घागर, बादली अडकायची. आकडे कधीच गळून गेलेले, नुसतं पोट उरलेलं.

गावात असा एकच गळ असायचा, एका मोठ्या घरी. ज्याची घागर पडली त्याने त्या घरी जायचं, आपलं एखादं भांडं तिथे ठेवायचं आणि गळ घेऊन जायचं. गळ परत आला की भांडं परत. भांडं ठेवल्याशिवाय गळ कोणालाच देत नसत, नाहीतर नेणारा आणून द्यायला विसरायचा. सगळ्या गावांत हीच रीत होती, नाना म्हणाले.

मी ताटलीबद्दल सांगितलं. रोज ढकलते, इकडेच ढकलते, सगळं. नाना तिथेच पायरीवर बसले. आत बघून आवाज खाली केला.

त्यांना आणि अक्काला एक थोरली बहीण होती, गंगी. हे मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. आपल्या वस्तीची विहीर वेगळी होती, खोल, पायऱ्या नसलेली. गंगी पाणी शेंदायला गेली आणि पाय घसरून आत गेली. बाप्ये सगळे कामाला लांब गेलेले. पोहणारं कोणी नाही. कोणीतरी म्हणालं, गळ आणा, लुगड्याला तरी अडकेल. अक्का तेव्हा आठ-नऊ वर्षांची. रीत तिलाही माहीत होती. घरात जेवायची एकच पितळी होती, ती घेतली आणि धावत त्या मोठ्या घरी गेली.

"ती बाईनी नही म्हनं नही," नाना म्हणाले. "ती म्हने, गळ देसू, परत उना का इस्तवमातीन काढी लेसू. पन तुमनी पितळी मी कोठे ठेवू?"

लोखंड विस्तवातून काढलं की त्यांना चालायचं. पण आमचं भांडं त्यांच्या घरात ठेवता येत नव्हतं. आणि भांडं ठेवल्याशिवाय गळ देता येत नव्हता. ती बाई दारात उभी, अक्का अंगणात पितळी पुढे धरून उभी.

"वाईट नव्हती ती बाई. तिले बी काही सुचेना," नाना म्हणाले. "पोर किती येळ उभी ऱ्हायनी, कोणले माहीत. पितळी घीसन परत उनी."

संध्याकाळी त्या घरचाच माणूस गळ घेऊन आला, दारात काय झालं ते त्यानेच सांगितलं आणि स्वतः गळ विहिरीत सोडला. गंगी वर आली, पण तेव्हा काय उपयोग. आधी गळ मिळाला असता तर ती जगली असती का, हे नानांनाही सांगता येत नाही. अक्का त्यावर जन्मात एक शब्द बोलली नाही.

"नाना, हा तोच गळ आहे का?"

"काय सांगू? एकच साचाना ऱ्हाये बठ्ठा. गावोगाव असाच व्हता."

आतून अक्काचा 'आं' आला. नाना म्हणाले, "तोच असो का दुसरा... आते गळ तुना घरमा शे, माय."

गळ माझ्या घरात. म्हणजे दारात उभी असलेली बाई मी. अक्का रोज भांडं पुढे करत होती, आणि मी रोज तिचं भांडं परत देत होते.

आम्ही दोघांनी अक्काला उचललं. उचलायला काही उरलंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, मागच्या दाराकडे तोंड करून पाट मांडून बसवलं, पाठीला उशी. नानांनी गळाचं पोट आणून तिच्यासमोर फरशीवर ठेवलं. कडीला मी ड्रमजवळ पडलेला सुतळीचा तुकडा बांधला, हातभर असेल. मग ताटलीत वरण-भात वाढून तिच्यापुढे ठेवला.

तिने ताटली ढकलली.

मी तिच्यासमोर बसले. दोन्ही हातांनी ताटली घेतली, कपाळाला लावली आणि उठून माझ्या मांडणीवर, माझ्या रोजच्या भांड्यांच्या रांगेत मधोमध ठेवली, भातासकट. तिला दिसावं म्हणून बाजूला सरले. मला मोठ्याने बोलता येत नाही, पण बोलले, "ठेवलं हो अक्का. तुमचं भांडं माझ्या घरात ठेवलं. गळ घेऊन जा."

आणि सुतळीचं टोक तिच्या डाव्या हातात दिलं.

इथून पुढे जे लिहिते ते मी आणि नानांनी दोघांनी बघितलं. अक्काने सुतळी धरली. मग तिचा उजवा हात वर आला. झटक्यापासून जो हात मी रोज उचलून धुवत होते तो हात. तिने ओढायला सुरुवात केली, विहिरीतून दोर ओढतात तसं, एक हात पुढे, मग दुसरा. सुतळी हातभर होती. लोखंड जागचं हललं नव्हतं. सुतळी ढिलीच होती. पण तिचे हात एकापुढे एक चालतच होते, दंडाच्या शिरा ताणलेल्या, कपाळावर घाम. किती वेळ, मला समजलं नाही. तिच्या बोटांतून पाणी गळायला लागलं. आधी थेंब, मग धार. फरशीवर पसरून ते माझ्या पायांपर्यंत आलं. गार होतं. वैशाखात आमच्या घरात गार पाणी माठातसुद्धा नव्हतं.

मग ती थांबली. दोन्ही हातांनी काहीतरी उचलून मांडीवर घेतलं. मांडीवर काही नव्हतं. मी अगदी समोर होते, काही नव्हतं. पण लुगडं मधोमध खाली दबलेलं होतं, कोणी डोकं टेकलं की दबतं तसं. अक्काने पदराचं टोक घेतलं आणि पुसलं, वरून खाली, हळूहळू, तोंडावरचे केस बाजूला करत पुसावं तसं. नाना एकदाच म्हणाले, "गंगे..." आणि उपरण्यात तोंड घातलं.

बऱ्याच वेळाने अक्काने डाव्या पायाने गळ माझ्याकडे ढकलला आणि डावा हात पुढे केला.

मी मांडणीवरून ताटली आणून तिच्या हातात दिली.

भात गार झाला होता. मी घास कालवला आणि तोंडाजवळ नेला. तिने तो माझ्या हातातून आपल्या डाव्या हातात घेतला आणि मांडीकडे नेला. तिथे थोडा वेळ धरला. हात परत वर आला तेव्हा रिकामा होता. मग तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं. सगळी ताटली संपवली. मी आणखी वाढलं, तेही संपवलं. आम्ही तिला खाटेवर नेलं आणि ती झोपली. नाकात नळी घालावी लागली नाही. आज हे लिहितानाही ती पुढच्या खोलीत आहे, मघाशीच जेवली.

उजवा हात मात्र पुन्हा हलला नाही. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "मेंदूचं असं होतं कधीकधी, नक्की सांगता येत नाही." पाण्याचं मी त्यांना सांगितलंच नाही. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू दमली होतीस. मामा म्हातारे." असेलही. मी खरंच दमले होते. आणि नाना दुसऱ्या दिवशी निघताना त्यांना विचारलं, ते काय होतं. ते चप्पल घालत होते. म्हणाले, "माले इचारू नको, माय. तू बी देखं, मी बी देखं," आणि स्टेशनकडे गेले.

ते वजन आता पुन्हा ड्रमच्या झाकणावर आहे. कोरडं असतं. मला कोणी म्हटलं की हे सगळं म्हातारीच्या मनाचं होतं, तर मी हो म्हणेन. गळ तिच्या माहेरचा नसेल, असे गळ गावोगाव होते. तो घरात आल्याचं तिला भिंतीआडून कसं कळलं, ते मात्र मला सांगता येणार नाही. आणि दुसरं एक. त्या दुपारी ती झोपल्यावर मी फरशी पुसली. पाण्याला शेवाळाचा वास होता, दोन बादल्या निघालं. पाटाखाली, उंबऱ्याच्या फटीत, तिच्या लुगड्याच्या निऱ्यांत, उशीच्या मागे — सगळीकडे बघितलं. एक शीतसुद्धा सांडलेलं नव्हतं. पहिला घास मला कुठेही सापडला नाही.